मीठ धुणाऱ्या घरातली लेक

ख्रिस्ती धर्माचं सौंदर्य कशात आहे, असं कुणी विचारलं की जाणकार मंडळी बायबल उघडतात. मी मुसलमान माणूस, त्या पंक्तीत बसायचा माझा अधिकार नाही. पण मला ते सौंदर्य पहिल्यांदा दिसलं ते एका स्वयंपाकघरात. लक्ष्मीबाई टिळकांच्या.

बी. ए.ला असताना 'स्मृतिचित्रे' हातात आलं. आमच्या घरात बोलणं मराठीच, पण अम्माला अक्षरओळख नव्हती. रात्री जेवणं झाली की मी तिला मोठ्यानं वाचून दाखवायचो. लक्ष्मीबाईंचे वडील इतके सोवळे, की बाजारातून आणलेलं मीठ आणि साखरसुद्धा धुऊन घेत. अम्मा हसून हसून बेजार झाली. "अरे, मीठ धुतल्यावर उरायचं काय?" मग एकदम गप्प झाली आणि म्हणाली, "असल्या घरातल्या पोरीनं पुढं परक्याच्या हातचं पाणी कसं प्यायलं असेल रे?"

पुस्तकाच्या मुळाशी हात घालणारा प्रश्न होता तो.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ते कवी आणि पंडित. त्यांची वाट ग्रंथांतून, चिंतनातून गेली. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला मात्र नुसता आघात आला. काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, आपल्या माणसांत राहिल्या. पुढं त्याच्याजवळ आल्या, तरी चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळक स्वभावानं तापट, पण या बाबतीत त्यांनी बायकोवर सक्ती केली नाही. मला हे त्यांच्या कितीतरी कवितांपेक्षा मोठं वाटतं.

अहमदनगरकडचे बरेचसे ख्रिस्ती त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेले. बाईंचा शेजार त्यांचाच. रोजचं येणं-जाणं त्यांचंच. विचार करता करता एक दिवस बाईंना उमगलं, की जात देवानं केलेली नाही, ती माणसांची करणी. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. त्यांचा बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा, राहुरीचा. हा क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी पाणी, मग बाप्तिस्मा.

योहानाच्या शुभवर्तमानातही अशीच एक पाण्याची गोष्ट आहे. भर दुपारी थकलेला येशू विहिरीपाशी बसतो आणि पाण्याला आलेल्या शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोनी माणसांशी व्यवहार ठेवत नसत. ती बाईच चकित होते, की तुम्ही माझ्याकडे पाणी मागता? याच शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. आजही गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. बाप मीठ धूत होता. लेक ज्याच्या मागं गेली, तो पाय धूत होता.

आणि ती नुसती मागं गेली नाही. प्लेगची साथ आली तेव्हा घरची माणसंसुद्धा रोग्याला टाकून पळत. लक्ष्मीबाईंनी प्लेगच्या छावणीत रोग्यांची शुश्रूषा केली. जिथं स्पर्शानं विटाळ होतो असं लहानपणापासून मनावर बिंबलेलं, तिथं आता स्पर्शानं जीव जाण्याचं भय होतं. तरी हात मागं गेला नाही.

कुणाला वाटेल, बाई संत झाल्या. छे! टिळक कुणालाही घरी जेवायला आणीत, पोरक्या पोरांना घेऊन येत, हातातले पैसे वाटून टाकीत. डब्यात पीठ आहे की नाही, हे बघायचं काम बाईंचं. त्या चिडत, भांडत, मग ताट वाढत. त्यांनी हे रागलोभ लिहिताना लपवले नाहीत, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसतो. नुसतं प्रेमानं ओथंबलेलं घर मला खरं वाटलं नसतं. आमच्याकडेही पाहुणा हा खुदाची देणगी मानतात, आणि तरी अवेळी आलेल्या पाहुण्यामुळं चुलीपाशी काय बोलणी होतात, ते मी ऐकलेलं आहे!

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशीच न घेतलेल्यांनाही. म्हणजे बाहेर दरबार आणि आत पगार बंद. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ला टिळक गेले. त्यांनी ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' हाती घेतलं होतं, त्याचे सुरुवातीचेच अध्याय झाले होते. लिहा-वाचायला जिला लग्नानंतर नवऱ्यानं शिकवलं, त्या बाईनं पुढचे साठाहून अधिक अध्याय रचले. ग्रंथ छापून आला १९३८ साली; तो पाहायला त्या नव्हत्या, १९३६ सालीच त्या गेल्या.

हे मी अम्माला मोठ्या कौतुकानं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि ती लिहीत बसायची, तेव्हा स्वयंपाक कोण करायचं?"