संगणकातील रकाने आणि दुकानाची उधारी

आपल्या व्यापारी बांधवांपैकी पुष्कळांच्या दुकानात आता संगणक आला आहे. बिल निघते, जीएसटीचा हिशेब होतो, शिल्लक माल कळतो. परंतु त्याच आकड्यांवरून धंद्याचा कल पाहावयाचा म्हटले की आपण एक तर कचरतो, नाही तर घाई करतो. आम्ही घाई केली आणि एका सचोटीच्या माणसाची उधारी बंद करून बसलो.

यवतमाळला लागून असलेल्या लोहाऱ्यात आमचे कापडाचे दुकान आहे. औद्योगिक वसाहतीमुळे डेनिम हा शब्द येथे पोरासोरांनाही ठाऊक. आमचा भाचा महाविद्यालयात सांख्यिकी शिकतो. त्याने तीन वर्षांची उधारीची वही संगणकात चढवली आणि पीएसपीपी नावाचे सॉफ्टवेअर बसवून दिले. १९६८ साली अमेरिकेत निघालेल्या एसपीएसएस या महागड्या सॉफ्टवेअरच्या धर्तीवरचे हे फुकट मिळणारे सॉफ्टवेअर. त्यात दोन पाने असतात. एकावर आकडे दिसतात. दुसऱ्यावर, म्हणजे ‘व्हेरिएबल व्ह्यू’वर, प्रत्येक रकान्याची ओळख असते: नाव काय, आत अंक की अक्षरे, कोणत्या खुणेचा अर्थ काय, आणि नोंदच नसेल तर काय लिहिले आहे. व्हेरिएबलला मराठीत ‘चल’ म्हणतात; आमच्या उर्दू शाळेत ‘मुतगय्यर’ म्हणत. दुकानदाराने रकाना म्हटले तरी चालेल.

हे दुसरे पान आम्ही उघडलेच नाही. कोणता ग्राहक सरासरी किती दिवसांनी पैसे देतो, एवढे विचारले. एका जुन्या टेलर मास्टरांच्या नावापुढे ५५ दिवस आले. पंचेचाळीसच्या पुढे माल द्यायचा नाही हा आमचा नियम. निरोप गेला. दुसऱ्याच दिवशी मास्टर आपली डायरी घेऊन आले. “सेठ, महिन्याच्या वर मी कधी गेलो, तेवढे दाखवा,” म्हणाले. गल्ल्यापाशी दोन गिऱ्हाईके उभी होती. आम्हांला उत्तर देता आले नाही.

भाच्याने तो रकाना उघडून कोणता आकडा किती वेळा आला ते काढले. मास्टरांच्या १२ पावत्या होत्या. सातांचे दिवस १८ ते ३० च्या दरम्यान होते, उरलेल्या पाचांवर ९९. आमचे मुनीमजी जमेची तारीख हाती नसली की ९९ लिहीत. ही त्यांची जुनी खूण. कोणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. यंत्राने मात्र ते ९९ दिवस धरले. ‘मिसिंग व्हॅल्यूज’च्या घरात ९९ भरताच त्या पाच पावत्या हिशेबातून बाजूला झाल्या आणि सरासरी आली २३ दिवस. आम्ही मास्टरांच्या दुकानी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला; पण त्या महिन्यात माल दुसरीकडून घेतला, हेही सांगितले पाहिजे.

येथे आणखी एक मेख निघाली. दुसऱ्या एका ग्राहकाने खरोखरच ९९ दिवस लावले होते. सरसकट ९९ वगळला असता तर तो सहीसलामत सुटला असता. म्हणून आता नोंद नसेल तर उणे १ लिहितो. उणे एक दिवसात कोणी पैसे देत नाही.

मग आम्ही सगळेच रकाने तपासायला बसलो. पन्ह्याच्या रकान्यात कोठे ५८, कोठे १४७. कापड एकच; एकाने इंचात लिहिले, दुसऱ्याने सेंटिमीटरमध्ये. भाच्याने जुना रकाना खोडला नाही. शेजारी नवा रकाना करून त्यात सर्व इंचात आणले, म्हणजे चूक झाली तर मूळ हाताशी राहते. एचएसएन क्रमांकाचीही यंत्राने सरासरी काढून दिली होती! ५२०९ हे जाड सुती कापडाचे नाव आहे, माप नव्हे. अंकात लिहिले म्हणून त्याची बेरीज होत नाही. असे रकाने ‘नॉमिनल’ ठरवावेत, मोजमापाचे ‘स्केल’. तारखांचा घोळ तर मोठमोठ्यांनाही सुटलेला नाही. एक्सेल काही जनुकांची नावे तारखा समजून बदलून टाकीत असे, म्हणून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्या जनुकांचीच नावे बदलली. आमच्याकडे ०५/०६ म्हणजे ५ जून. अमेरिकन पद्धतीने वाचले तर ६ मे.

सर्वांत उपयोगी पडला तो आम्ही स्वतः तयार केलेला रकाना. महिन्यावार विक्री पाहिली तर जून कधी तेजीत, कधी मंदीत, कारण उमगेना. रमजान ईद २०१९ मध्ये ५ जूनला होती, २०२२ मध्ये ३ मे, २०२४ मध्ये ११ एप्रिल, २०२५ मध्ये ३१ मार्च. दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे. इंग्रजी महिन्याच्या रकान्यात ईदची गिऱ्हाइकी चार ठिकाणी विखुरली होती. भाच्याने प्रत्येक बिलाच्या तारखेवरून ‘ईदला उरलेले दिवस’ असा रकाना काढला, आणि प्रत्येक वर्षाचा चढ एकाच जागी येऊन उभा राहिला. माल कधी भरायचा ते आता या रकान्यावरून ठरते.

मुनीमजींनी सगळ्या खुणांचा अर्थ वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे. लग्नसराईचा रकाना अजून झालेला नाही. मुहूर्तांच्या आणि निकाहांच्या तारखा गोळा करणे चालू आहे.