पापनाशम : दोन नद्यांमधली हिरवळ

तंजावर जिल्ह्यातले पापनाशम हे तालुक्याचे गाव कुडमुरुट्टी आणि तिरुमलैराजन या कावेरी खोऱ्यातल्या दोन नद्यांच्या मध्ये वसले आहे. तंजावर-कुंभकोणम रेल्वेमार्गावर, तंजावरपासून सुमारे २५ किलोमीटरवर ते लागते. ‘दृश्यम’च्या तमिळ आवृत्तीमुळे माहीत झालेले पापनाशम वेगळे, ते तिरुनेलवेलीकडे, ताम्रपर्णीच्या काठी, डोंगराच्या पायथ्याशी आहे. या पापनाशमला डोंगर नाही, टेकडीही नाही. आहे ती सपाट गाळाची जमीन, आणि पाणी जिथे जाते तिथे हिरवळ.

हे पाणी कल्लणैवरून येते. चोळ राजा करिकालाचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्राचीन बंधाऱ्यापाशी कावेरीचे पाणी वाटले जाते आणि पुढे नद्या, कालवे, पाट असे करत बांधापर्यंत पोचते. कावेरीवरच वरच्या बाजूला असलेल्या, १९३४ साली पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणाचे दरवाजे रिवाजाप्रमाणे १२ जूनला उघडतात आणि २८ जानेवारीला बंद होतात; अर्थात धरणात पुरेसा साठा असेल तर. म्हणून इथल्या नद्या उन्हाळ्यात वाळूच्या असतात आणि आडी या तमिळ महिन्यात दुथडी भरतात. आडीच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, आडिप्पेरुक्कु साजरा होतो. बायका घाटावर नदीची पूजा करतात, हळदीने पिवळे केलेले दोरे बांधतात आणि घरून आणलेला चिंचेचा भात, दहीभात सगळे मिळून काठावरच खातात. शहरात जे काम उद्यान करते ते इथे नदीकाठ करतो, आणि म्हणूनच काठ, घाट आणि पाट स्वच्छ राखणे ही शोभेची बाब मानून चालत नाही.

गावाभोवतीच्या बागांमध्ये सर्वांत देखणे ते पानमळे. पापनाशम, राजगिरी, अय्यमपेट्टै या पट्ट्यात विड्याच्या पानांची लागवड जुनी आहे. ही पाने कुंभकोणमच्या नावाने विकली जातात. हादग्याची झाडे दाट ओळींत लावून त्यांवर वेल चढवतात. हादगा आधारही देतो आणि सावलीही, त्यामुळे मळ्यात भर दुपारीही ओलसर गारवा असतो. मळ्यांच्या पलीकडे केळी, नारळ आणि भातशेती.

या भाताची साक्ष गावात उभी आहे. तिरुप्पालैत्तुरैच्या पालैवननाथ मंदिराच्या आवारात नायक राजांच्या काळातले, १६०० ते १६३४ च्या दरम्यान बांधलेले विटांचे प्रचंड धान्यकोठार आहे. त्याची रुंदी ८६ फूट, उंची ३६ फूट. राज्याच्या पुरातत्त्व खात्याने ते संरक्षित केले आहे. याच मंदिराचा स्थलवृक्ष पालै. तमिळ मंदिरांत एखादे झाड देवाइतकेच पूज्य मानून पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले जाते, आणि वस्तीतली जुनी झाडे टिकण्यामागे या श्रद्धेचा वाटा मोठा आहे.

आखीव सार्वजनिक बाग पाहायची तर तंजावर शहरात जावे लागते. बृहदीश्वर मंदिर ज्या धाकट्या किल्ल्यात आहे, त्यातच शिवगंगा तलाव आहे. १८५५ पर्यंत चाललेल्या भोसले राजवटीत या तलावाचे गोडे पाणी शहराला पुरत असे. पश्चिमेकडच्या सेव्वप्पनायकन तळ्यात पावसाचे पाणी साठे, गाळ खाली बसला की ते शिवगंगेत उतरे आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी अय्यनकुळमसारख्या गावतळ्यांत आणि विहिरींत जाई. या व्यवस्थेला जलसूत्र म्हणत. राजवट संपल्यावर, १८७१-७२ मध्ये, नगरपालिकेने तलावाभोवती लोकांसाठी बाग केली. किल्ल्याच्या तटाआड, तलावाच्या काठी, तंजावरकर आजही तिथे फिरायला येतात. अलीकडच्या दुरुस्तीत जुनी भूमिगत वाट मोकळी केल्यावर शिवगंगेचे पाणी पुन्हा अय्यनकुळमपर्यंत पोचले.