पावसाळ्यानंतर क्लच चिकटला तर...

दसरा जवळ आला, की शहरांतील सोसायट्यांच्या वाहनतळांवर एक परिचित दृश्य दिसू लागते. चार महिने कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या जुन्या मोटारसायकलींवरील आच्छादने निघतात, बादली आणि फडकी बाहेर येतात. पूजा होते, हँडलला झेंडूची माळ चढते आणि 'आता एक चक्कर मारून या' असा घरातून आग्रह होतो. नेमक्या याच क्षणी अनेक जुन्या गाड्या दगा देतात. इंजिन चार-सहा किकमध्ये सुरू होते. क्लच दाबून पहिला गिअर टाकला जातो आणि क्लचचा लिव्हर पूर्ण दाबलेला असतानाही गाडी एकाएकी पुढे झेप घेते.

प्रस्तुत प्रतिनिधीच्या घरी काही वर्षांपूर्वी हाच प्रसंग घडला. वडिलांची जुनी बुलेट हार घालून जिन्यासमोर उभी होती आणि हातभर अंतरावर मुले आपट्याची पाने घेऊन थांबली होती. गिअर पडताच गाडीने उडी घेतली, पुढचे चाक पायरीवर आदळले आणि इंजिन बंद पडले. मडगार्ड वाकले, यापलीकडे नुकसान झाले नाही. मात्र मुले हातभर अलीकडे उभी असती तर, हा विचार त्यानंतर कितीतरी दिवस घरातील कोणाचीच पाठ सोडत नव्हता. क्लच तुटला असेल, अशी समजूत करून घेऊन गाडी गॅरेजमध्ये नेण्याची तयारी झाली. प्रत्यक्षात तो केवळ चिकटला होता. इंजिन सुरू करण्यापूर्वी दोन मिनिटांची तपासणी केली असती, तर हा प्रसंग सहज टळला असता.

प्लेटा चिकटतात कशा?

इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सपर्यंत पोहोचविणारा आणि हवी तेव्हा ती तोडणारा दुवा म्हणजे क्लच. बहुतेक मोटारसायकलींच्या क्लचमध्ये दोन प्रकारच्या गोल चकत्या एकाआड एक रचलेल्या असतात. घर्षणाचे अस्तर असलेल्या प्लेटा बाहेरच्या बास्केटमध्ये बसतात व इंजिनाबरोबर फिरतात. साध्या पोलादी प्लेटा आतल्या हबवर बसतात व गिअरबॉक्सच्या शाफ्टबरोबर फिरतात. दणकट स्प्रिंगा या सर्वांना एकमेकींवर दाबून धरतात. लिव्हर दाबला, की स्प्रिंगांचा दाब निघतो, प्लेटांमध्ये बारीकशी फट पडते आणि इंजिन व चाक यांचा संबंध तुटतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. लिव्हर दाबल्याने प्लेटांवरील दाब तेवढा निघतो. प्लेटा ओढून वेगळ्या करणारी कोणतीही यंत्रणा क्लचमध्ये नसते. त्या वेगळ्या होतात त्या फिरण्याच्या वेगामुळे आणि मध्ये असलेल्या तेलाच्या पातळ थरामुळे. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, की स्प्रिंगांच्या सततच्या दाबाने हे तेल पिळून निघते. मागे उरतो तो जुन्या तेलाचा चिकट थर. त्यात पावसाळी दमट हवेची भर पडते. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री थंड होणाऱ्या धातूच्या आवरणात आतल्या बाजूला पाण्याचे थेंब साठतात आणि पोलादी प्लेटांवर गंजाचा पातळ पापुद्रा धरतो. मग लिव्हर दाबून दाब काढला, तरी प्लेटा एकमेकींना सोडत नाहीत.

थंड देशांत हा त्रास प्रामुख्याने हिवाळ्यानंतर होतो, कारण बर्फाच्या दिवसांत तेथे मोटारसायकली बंद करून ठेवल्या जातात. आपल्याकडे हे काम पावसाळा करतो. मुंबई आणि कोकणपट्टीच्या खाऱ्या, दमट हवेत तर गंज अधिकच लवकर धरतो.

आधी निदान, मग उपाय

गाडी बाहेर काढल्यावर पहिला नियम असा, की इंजिन बंद ठेवावे आणि किल्ली काढून खिशात टाकावी. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून पाहावी. ती न्यूट्रलमध्येही जड जात असेल, तर दोष क्लचचा नसून ब्रेकचा असण्याची शक्यता अधिक. जुन्या ड्रम ब्रेकचे लायनरही दमट हवेत ड्रमला धरून बसतात.

गाडी न्यूट्रलमध्ये सहज सरकत असेल, तर गिअर टाकावा, क्लच पूर्ण दाबावा आणि पुन्हा ढकलून पाहावी. थोड्याशा जडपणाने ती पुढे गेली, तर क्लच मोकळा आहे. मागचे चाक जागीच अडले किंवा इंजिनाला बरोबर घेऊन झटक्याझटक्याने फिरले, तर प्लेटा चिकटल्या आहेत किंवा लिव्हरचा जोर क्लचपर्यंत पोहोचतच नाही. यांतील दुसरी शक्यता आधी निकालात काढावी. एकाला लिव्हर दाबावयास सांगून दुसऱ्याने क्लच वायरचे खालचे टोक पाहावे. तेथील आर्म पूर्ण हलत नसेल, तर वायर गंजली आहे किंवा सैल झाली आहे. वायरीत तेल सोडून किंवा ती बदलून काम भागते. लिव्हरला सुरुवातीला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल असावी. ती फार अधिक असेल, तर क्लच कधीच पूर्ण सुटणार नाही.

जुन्या बुलेटच्या मालकांना आणखी एक सोपी परीक्षा उपलब्ध आहे. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडियाची स्थापना झाली आणि या गाडीची जुळणी भारतात होऊ लागली. मूळ इंग्रजी रचना पुढे अनेक दशके जवळपास तशीच राहिली. या रचनेत किकचा जोर गिअरबॉक्समधून आणि क्लचमधून इंजिनापर्यंत जातो. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, क्लच दाबून किक मारली असता ती हलकी, पोकळ लागावयास हवी, कारण क्लच सुटलेला असताना पिस्टन हलण्याचे कारणच नाही. क्लच दाबूनही किकला नेहमीसारखे कॉम्प्रेशन लागले, तर प्लेटा चिकटल्या आहेत असे समजावे. अनेक जुने बुलेटस्वार रोज सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी क्लच दाबून दोन-तीन किक मारतात. बघणाऱ्याला ती सवय वाटते. प्रत्यक्षात ते रात्रभरात चिकटलेल्या प्लेटा मोकळ्या करत असतात.

संयमाचे उपाय

निदान पक्के झाल्यावर सौम्य उपायांपासून सुरुवात करावी. जुनी बुलेट असेल, तर किल्ली बंद ठेवून, न्यूट्रलमध्ये क्लच पूर्ण दाबून दहा-पंधरा वेळा सावकाश पण ठाम किक मारावी. कॉम्प्रेशनच्या विरोधामुळे प्लेटांवर ताण येतो आणि पुष्कळदा एखाद्या किकला अडसर अचानक नाहीसा होतो.

आरएक्स १०० सारख्या गाड्यांत किकचा जोर थेट क्लचच्या बाहेरच्या बास्केटला मिळतो. त्यामुळे तेथे पद्धत बदलते. गाडी गिअरमध्ये टाकावी, मागचा ब्रेक घट्ट धरावा, क्लच दाबावा आणि हाताने किंवा पायाच्या हलक्या दाबाने किक खाली न्यावी. ब्रेकमुळे आतला हब अडलेला असतो आणि किक बास्केटला फिरवू पाहते. किकवर उडी मारणे मात्र कटाक्षाने टाळावे. प्लेटा सुटण्याऐवजी किकचे दातेच तुटतात.

याने काम झाले नाही, तर सर्वांत वरचा गिअर टाकून आणि क्लच दाबून गाडी मागेपुढे हेलकावावी. वरच्या गिअरमध्ये चाकाचा जोर क्लचपर्यंत अधिक प्रमाणात पोहोचतो. पहिल्या गिअरमध्ये त्याच मेहनतीचा थोडाच अंश तेथे पोहोचतो. दहा-बारा हेलकाव्यांनंतर थांबावे, पुन्हा करावे.

तरीही प्लेटा सुटल्या नाहीत, तर रात्रीवर भरवसा ठेवावा. क्लचचा लिव्हर पूर्ण दाबून तो सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने हँडलला बांधून ठेवावा. स्प्रिंगांचा दाब निघाल्याने तेलाला प्लेटांच्या कडांमधून आत शिरण्यास वाव मिळतो. दुसऱ्या दिवशी हेच हेलकावे पुन्हा द्यावेत. मोकळ्या हवेत, न्यूट्रलमध्ये इंजिन दहा-बारा मिनिटे चालवून तेल गरम केल्यावर, इंजिन बंद करून हेलकावे दिले, तर यशाची शक्यता वाढते. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो जीवघेणा ठरतो.

गाडी चालवून सोडविण्याचा प्रयत्न

क्लच चिकटलेली गाडी चालती करून तो सोडविण्याची पद्धत अनेक जुन्या मिस्त्रींना अवगत आहे. मोकळ्या, सरळ मैदानावर गरम इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवून गाडी ढकलत गतीला आणतात, गिअर टाकतात आणि क्लच दाबून धरून थ्रॉटल एकदा उघडतात, एकदा एकदम बंद करतात. प्लेटांना दोन्ही दिशांनी झटके बसून त्या सुटतात. पद्धत परिणामकारक आहे, पण गाडी थांबविण्याचा मार्ग त्यात ब्रेक आणि किल्ली एवढाच उरतो. सोसायटीच्या आवारात, रस्त्यावर किंवा माणसांच्या जवळपास ती कधीही वापरू नये. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि मागचा ब्रेक डाव्या पायाला असतो, हे ज्याच्या अंगवळणी पडलेले नाही, त्याने तर हा प्रयोग सर्वस्वी अनुभवी माणसावर सोपवावा.

झाकण उघडावे लागले तर

दोन-तीन दिवसांच्या प्रयत्नांनंतरही क्लच सुटला नाही, तर गंज खोलवर गेला आहे असे समजून झाकण उघडावे. जुन्या बुलेटमध्ये हे काम तुलनेने सोपे आहे. डाव्या बाजूचे फूटरेस्ट आणि ब्रेकचे पेडल दूर केले, की प्रायमरी चेनवरचे बाहेरचे झाकण मधल्या एकाच मोठ्या नटाने धरलेले आढळते. झाकणाखाली तेल साठलेले असल्याने पसरट भांडे ठेवण्यास विसरू नये.

प्लेटा बाहेर काढताना त्यांचा क्रम आणि बाजू टिपून ठेवावी. त्या स्क्रू ड्रायव्हरने उचकटू नयेत. कडा वाकल्या, की क्लच पुन्हा नीट सुटत नाही. पोलादी प्लेटांवरील हलका गंज बारीक पॉलिश पेपरने घासून काढता येतो. सपाट काचेवर ठेवून प्लेट डुगडुगते का, हे पाहावे. डुगडुगणारी प्लेट बदलणेच योग्य. घर्षणाच्या प्लेटांवर चकाकी आली असेल, अस्तर झिजले किंवा उखडले असेल, तर त्याही बदलाव्यात. नव्या प्लेटा बसविण्यापूर्वी काही तास तेलात भिजवून ठेवाव्यात. बास्केटच्या खाचांमध्ये प्लेटांनी खड्डे पाडले असतील, तर नव्या प्लेटाही तेथे अडकतील, हेही तपासून घ्यावे.

तेलाची निवड हा दुर्लक्षित राहणारा विषय आहे. क्लच तेलात बुडालेला असलेल्या गाड्यांसाठी डब्यावर 'जासो एमए' असा उल्लेख असलेले तेल सुरक्षित ठरते. 'एमबी' प्रकारचे तेल किंवा घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेले मोटारगाडीचे तेल वापरल्यास क्लच घसरू लागतो. म्हणजे इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही. गंज सोडविणारा फवारा क्लचमध्ये मारणे किंवा त्यात रॉकेल ओतणे हे उपाय सर्रास सुचविले जातात. ते तेलात मिसळून तेलच निकामी करतात, म्हणून ते टाळलेले बरे.

पुढच्या पावसाळ्यापूर्वी

हा सारा खटाटोप टाळणे अवघड नाही. मे महिन्याच्या अखेरीस गाडी उभी करण्यापूर्वी तेल बदलावे, कारण जुन्या तेलातील ओलावा आणि आम्ल यांमुळेच गंजाला सुरुवात होते. त्यानंतर गाडी थोडी चालवावी, म्हणजे नवे तेल सर्व प्लेटांपर्यंत पोहोचेल. गाडी मेन स्टँडवर उभी करावी आणि प्लास्टिकऐवजी सुती कापडाने झाकावी; प्लास्टिकखाली वाफ कोंडून राहते. लिव्हर हँडलला बांधून ठेवल्यास उत्तम. तसे करावयाचे नसेल, तर दर पंधरा दिवसांनी किल्ली बंद ठेवून क्लच वीस-पंचवीस वेळा दाबावा, बुलेट असेल तर क्लच दाबून चार किक माराव्यात आणि गाडी गिअरमध्ये हेलकावून पाहावी. पाच मिनिटांचे हे काम पावसाची सर ओसरल्यावर सहज उरकता येते.

आमच्या घरच्या बुलेटचा क्लच त्या वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी सुटला, तोही कोणतेही झाकण न उघडता. रात्रभर लिव्हर बांधून ठेवला होता आणि सातव्या की आठव्या किकला पाय एकदम हलका खाली गेला. वाकलेले मडगार्ड सरळ करून घेण्यास मात्र पुढे आठवडा गेला. तेव्हापासून दसऱ्याला घरात एक क्रम ठरून गेला आहे. आधी किल्ली खिशात, मग क्लच दाबून किक, मग गिअरमध्ये ढकलून पाहणे, आणि गाडी मोकळी असल्याची खात्री पटल्यावरच झेंडूची माळ. मुलांनाही तोवर गाडीसमोर उभे राहू दिले जात नाही.