बेस गिटारचा खर्ज : तार, ताण आणि कान

वाद्याची तार सैल केली की स्वर उतरतो, ही गोष्ट सतार किंवा तंबोरा जुळविताना पाहिलेल्या कोणासही ठाऊक असते. परंतु स्वर उतरला म्हणजे तो चांगला वाजेलच असे नाही. फार उतरविलेली तार पडद्यांवर खडखडते, तिचा स्वर डळमळतो, आणि अनेक वाद्यांच्या मेळात तर स्वर असा उरतच नाही. नुसती घुमघुम ऐकू येते. विजेवर चालणाऱ्या बेस गिटारच्या बाबतीत हा प्रश्न गेल्या अर्धशतकात विशेष जाणवू लागला आहे. पाश्चात्त्य संगीताच्या काही शाखांत हे वाद्य मूळच्यापेक्षा पुष्कळ खाली जुळविले जाते. अशा खोल स्वराला स्पष्टता कशी द्यावी, याचे उत्तर अर्धे तारेच्या विज्ञानात आणि अर्धे कानाच्या विज्ञानात सापडते.

वाद्य आणि त्याचा उतरता स्वर

बेस गिटार आजच्या रूपात रूढ झाले ते अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५१ साली विक्रीस आणलेल्या वाद्यामुळे. त्यात तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर होती. पुढे तीच प्रमाण मानली गेली. चार तारांपैकी सर्वांत जाड तार 'ई' या स्वरात जुळवितात. ती दर सेकंदास सुमारे ४१ वेळा कंप पावते.

याहून खाली उतरण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण एका अपघाताशी निगडित आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचे गिटारवादक टोनी आयोमी हे १९६५ च्या सुमारास पत्र्याच्या कारखान्यात काम करीत असताना यंत्रात सापडून त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. ते डावखुरे असल्याने तारा दाबण्याचे काम याच हाताला करावे लागे. बोटांवर कृत्रिम टोप्या चढवून त्यांनी वादन चालू ठेवले, आणि तारा दाबणे सुसह्य व्हावे म्हणून पुढे त्या सैल केल्या. त्यांच्या 'ब्लॅक सॅबथ' या वाद्यवृंदाच्या १९७१ सालच्या ध्वनिमुद्रिकेतील काही गीतांत वाद्ये तीन अर्धस्वर खाली जुळविलेली आहेत. साहजिकच बेस गिटारलाही तितकेच खाली यावे लागले. त्यातून उमटलेला जड, गंभीर ध्वनी अनेकांना आवडला आणि पुढील पिढ्यांनी तो आणखी खाली नेला. आज पाच तारांच्या बेस गिटारमधील सर्वांत खालची तार 'बी' स्वरात, म्हणजे दर सेकंदास सुमारे ३१ कंपनांवर जुळवितात.

सैल करण्याची किंमत

तारेच्या स्वराचे नियम फ्रेंच पंडित मेर्सेन यांनी १६३६ साली ग्रंथरूपाने मांडले. तारेची लांबी दुप्पट केली तर कंपनसंख्या निम्मी होते. ताण चौपट केला तर ती दुप्पट होते. तारेच्या दर सेंटिमीटरचे वजन चौपट केले तर ती पुन्हा निम्मी होते. म्हणजे स्वर उतरविण्याचे मार्ग तीन : तार सैल करणे, लांब करणे किंवा जड करणे.

यांतील पहिला मार्ग सर्वांत सोपा, पण सर्वांत महाग. 'ई'च्या तारेचा ताण १०० मानला, तर तीच तार तीन अर्धस्वर उतरविल्यावर ताण सुमारे ७१ उरतो. 'बी'पर्यंत, म्हणजे पाच अर्धस्वर उतरविल्यावर तो अवघा ५६ होतो. अशी ढिली तार छेडली असता मोठा झोका घेते आणि पडद्यांवर आपटते. शिवाय छेडण्याच्या क्षणी ती ताणली जाऊन तिचा स्वर किंचित चढतो व मग खाली घसरतो. ताण मुळातच कमी असल्याने हा फरक कानाला चटकन जाणवतो.

म्हणून उतरत्या स्वरासाठी तार जड घेणे श्रेयस्कर. ताण तोच ठेवून 'ई'वरून 'बी'वर यायचे तर तारेचे वजन जवळजवळ पावणेदोन पट हवे; म्हणजेच २.७ मिलिमीटर जाडीच्या तारेऐवजी सुमारे ३.६ मिलिमीटरची तार हवी. परंतु येथे दुसरी अडचण उभी राहते. जाड तार सळईसारखी ताठ होऊ लागते, आणि ताठ तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा नेमक्या पटींत न राहता थोडे थोडे वर सरकतात. असा स्वर बेसूर व बोथट वाटतो. यावर तोडगा म्हणून तारेचा गाभा बारीक पोलादी ठेवून त्यावर दुसऱ्या तारेचे वेढे देतात. वेढ्यांमुळे वजन वाढते, पण ताठपणा फारसा वाढत नाही.

उरलेला मार्ग लांबीचा. लांबी ३४ इंचांवरून ३५ इंच केली तर त्याच तारेला त्याच स्वरासाठी ६ टक्के अधिक ताण मिळतो. ३७ इंच केली तर १८ टक्के. लांबीमुळे ताठपणाचा दोषही कमी होतो. काही वाद्यांत पडदे पंख्याप्रमाणे तिरके बसवून खर्जाची तार लांब आणि वरची आखूड ठेवतात, ती याचसाठी.

जाड तारा चढविल्यावर वाद्याची पुन्हा जुळणी करावी लागते. मानेच्या वरच्या टोकाला असलेल्या पट्टीतील खाच रुंद करणे, मानेच्या आतील पोलादी गजाने तिचा बाक योग्य करणे, तारेची उंची ठरविणे आणि घोडीवरील टेकू मागेपुढे सरकवून प्रत्येक पडद्यावर स्वर बरोबर येतो की नाही ते पाहणे, ही कामे वगळली तर उत्तम तारही वाया जाते.

कान खर्ज कसा ऐकतो

दर सेकंदास ३१ कंपनांचा शुद्ध स्वर नुसता ऐकू येण्यासाठी १००० कंपनांच्या स्वरापेक्षा सुमारे ५७ डेसिबल अधिक तीव्र असावा लागतो. इतक्या खाली आपला कान जवळजवळ बहिरा आहे. तरीही लहानशा लाउडस्पीकरवरही बेस गिटारचा स्वर ओळखता येतो, तो कसा?

याचे उत्तर उपस्वरांत आहे. 'बी'ची तार ३१ कंपनांबरोबरच ६२, ९३, १२४ अशा पटींतही कंप पावते. हे उपस्वर नियमित अंतराने आले की मूलस्वर क्षीण असला किंवा अजिबात नसला, तरी श्रवणयंत्रणा तो आपणहून जुळवून घेते. आपल्या तंबोऱ्याचे सौंदर्यही याच उपस्वरांवर उभे आहे. जवारीच्या रुंद घोडीमुळे उपस्वर कसे असाधारण प्रबळ होतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. खर्ज भरदार वाटतो तो त्याच्या उपस्वरांमुळे, हे तंबोरा ऐकणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

यावरून बेस गिटारसाठी एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो : खोल स्वर स्पष्ट करायचा असेल तर खोल भाग वाढवू नये, उपस्वर सांभाळावेत. तार मानेजवळ छेडली तर मूलस्वर प्रबळ होतो व ध्वनी गोल, पण धूसर येतो. घोडीकडे सरकून छेडली तर उपस्वर वाढतात आणि स्वराला धार येते. बोटाने अगर नखीने हलका, पण निश्चित आघात करावा. जोराच्या आघाताने सैल तार केवळ खडखडते. जुन्या तारेच्या वेढ्यांत घाम व मळ साठून उपस्वर मावळतात, म्हणून खर्जाच्या तारा वेळच्या वेळी बदलाव्यात.

ध्वनिवर्धकावरही हाच न्याय लागू पडतो. खर्जाची कळ शेवटपर्यंत फिरविण्याचा मोह टाळावा. सुमारे ३० कंपनांखालील भागात ऐकण्याजोगे काही नसते. तो गाळला तर लाउडस्पीकरवरील भार हलका होतो. ५०० ते १००० कंपनांचा पट्टा थोडा उचलला तर स्वराची कड स्पष्ट होते. अनेक वादक ध्वनीचे दोन भाग करतात : खालचा स्वच्छ ठेवतात आणि वरच्याला मुद्दाम किंचित फाटलेपणा देतात. त्यामुळे नवे उपस्वर निर्माण होतात आणि पाया मात्र ढळत नाही.

खोलीचाही विचार करावा लागतो. ३१ कंपनांच्या ध्वनितरंगाची लांबी सुमारे ११ मीटर असते. खोली त्याच्या निम्मी, म्हणजे साडेपाच मीटर लांब असेल, तर भिंतीजवळ हा स्वर अतोनात घुमतो आणि मध्यभागी नाहीसा होतो. अशा वेळी कळा फिरविण्यापेक्षा लाउडस्पीकरची किंवा श्रोत्याची जागा बदलणे अधिक फलदायी ठरते.

सारांश, प्रथम तार, मग वाद्याची जुळणी, मग हात आणि सर्वांत शेवटी ध्वनिवर्धक, हा क्रम पाळावा. तो उलटा धरणारा वादक स्पष्टतेची उणीव आवाज वाढवून भरून काढू पाहतो. त्यात स्वर तर सुधारत नाहीच, उलट स्वतःच्या व श्रोत्यांच्या कानांना कायमची इजा होण्याचा धोका मात्र वाढतो.