काडतूस : शस्त्र आणि शब्द

जुन्या शस्त्राचा इतिहास शोधताना अभ्यासक प्रथम त्यावरील ठसे पाहतो. रुमानियातील कुजिर येथील कारखान्यात तयार झालेली, १९६९ च्या नमुन्याची, .२२ इंची काडतुसाची सराव-बंदूक घ्या. तिचा कारखाना व नमुना ठशांवरून बहुधा ओळखता येतो. शब्दावर असा ठसा नसतो. वस्तू बदलते, नाव तेच राहते, आणि कागदपत्रे वाचणारा तेथेच फसतो.

‘काडतूस’ हे याचे उत्तम उदाहरण होय. इटालियन भाषेत ‘कार्ता’ म्हणजे कागद. त्यापासून ‘कार्तोच्चो’, म्हणजे कागदाची सुरळी. रुमानियनने तो शब्द फ्रेंचमधून ‘कार्तुश’ असा घेतला, मराठीने पोर्तुगीजमधून ‘काडतूस’ असा. म्हणजे कुजिरच्या बंदुकीत जे भरतात त्याचे तेथील नाव आपल्या नावाचे चुलत भावंडच. मूळच्या रकाराच्या जागी डकार आला तो ‘काडी’च्या प्रभावाने असावा, असे मला वाटते.

रोहे-अष्टमीवरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. तेथे सोळाव्या शतकापासून १७४० पर्यंत पोर्तुगीजांचे ठाणे होते. खाडीपलीकडील कोर्लईत पोर्तुगीजोद्भव बोली अद्याप बोलली जाते. तेव्हा हा शब्द याच खाडीने वर आला, असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरावा, वसई व गोवे येथेही हाच संपर्क होता.

अधिक महत्त्वाचा प्रश्न अर्थाचा. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात १८५७ च्या काडतुसांची हकीकत येते. आजचा विद्यार्थी पितळी काडतूस डोळ्यांसमोर आणतो, आणि ते दातांनी तोडण्याची गोष्ट त्यास अनाकलनीय वाटते. वस्तुतः एन्फील्ड बंदुकीचे ते काडतूस कागदाचे होते. शिपाई त्याचे टोक दातांनी फाडून दारू नळीत ओती व गोळी गजाने ठाशी. ‘ठासणीची बंदूक’ हे नाव या क्रियेवरूनच पडले. वंगणात गाईची व डुकराची चरबी असल्याची वदंता इतकी दाहक ठरली, ती तो कागद तोंडात धरावा लागे म्हणून. पुढे धातूचे काडतूस आले, ठासणे संपले, फाडणे संपले. कागदाचे नाव मात्र धातूस चिकटले.

यास्तव पेशवेकालीन यादीत ‘काडतूस’ आढळल्यास मागून भरावयाच्या बंदुकीचा तर्क करू नये. त्याच यादीत ‘गज’ आहे काय, ते आधी पाहावे.