पोत्यात दाणे किती? – मोल संकल्पना शिकवताना



नववीच्या विज्ञानात ‘द्रव्याचे मोजमाप’ हा पाठ आला की मुलं सूत्र पाठ करतात : वस्तुमान भागिले रेणुवस्तुमान. तेवढ्यावर गुणही मिळतात. पण अकरावीच्या रसायनशास्त्रात पदोपदी मोल लागतो, आणि तिथे ‘भागायचं की गुणायचं?’ म्हणून मूल अडतं. मोजता न येणाऱ्या वस्तू वजनावरून मोजता येतात, हे त्याला कुणी दाखवलेलंच नसतं.

आपल्या गोंदियात ते दाखवायला प्रयोगशाळा लागत नाही. धानाचा जिल्हा आपला. मुलांना विचारा, 50 किलोच्या पोत्यात तांदळाचे दाणे किती? एकेक दाणा कोण मोजणार! 1000 दाणे मोजायचे आणि त्यांचं वजन करायचं. धानाच्या जातींची तुलना करताना कृषी शास्त्रज्ञही हजार दाण्यांचं वजन बघतात. समजा, ते 20 ग्रॅम भरलं. 50,000 ÷ 20 = 2500, म्हणजे हजार-हजार दाण्यांचे 2500 गट. दाणे झाले 25 लाख. आता जाड तांदूळ घ्या, हजार दाणे 25 ग्रॅमचे. पोतं तेवढंच, पण दाणे 20 लाख. दाणा जड, तर संख्या कमी. इथे जरा थांबा, मुलांना स्वतः करू द्या. दहा मिनिटं गेली तरी चालतील.

आता मोल. हाही गटच, फक्त हजाराच्या जागी 6.022 × 10²³ कणांचा. एवढे तांदळाचे दाणे म्हटले, तर जगात दरवर्षी पिकणारा साधारण 50 कोटी टन तांदूळ दोन कोटींहून जास्त वर्षं साठवावा लागेल! या संख्येला ॲव्होगॅड्रोचं नाव आहे, पण ती त्यांनी काढलेली नाही. ते 1856 मध्ये वारले, आणि रेणूंच्या संख्येचा पहिला अंदाज लोश्मिट यांनी 1865 मध्ये बांधला. 20 मे 2019 पासून तर ही संख्या 6.02214076 × 10²³ अशी नेमकी ठरवूनच टाकली आहे.

पाण्याच्या एका गटाचं वजन 18 ग्रॅम. मग 36 ग्रॅम पाण्यात 36 ÷ 18 = 2 मोल, रेणू 12.044 × 10²³. ग्लुकोजचा गट 180 ग्रॅमचा. 36 ग्रॅम ग्लुकोजमध्ये 0.2 मोल, रेणू 1.2044 × 10²³. वजन सारखं, पण रेणू दहापट कमी. जाड तांदळाचीच गोष्ट ही. भागल्यावर गट मिळतात, गुणल्यावर दाणे. एवढं कळलं की सूत्राचा त्रिकोण फळ्यावर काढायची गरज उरत नाही (मला तरी तो त्रिकोण आवडत नाही).

मुलं हमखास अडकतात ती जागा वेगळीच. ‘32 ग्रॅम ऑक्सिजन वायूत कण किती?’ असा प्रश्न आला, तर आधी विचारायला शिकवा : कुठले कण? रेणू असतील तर 6.022 × 10²³. अणू असतील तर दुप्पट, कारण एका रेणूत दोन अणू. मिठात तर रेणू नसतातच, आयन असतात. 58.5 ग्रॅम मिठात सोडियमचे आयन 6.022 × 10²³ आणि क्लोराइडचेही तेवढेच.

आणि कुणाचं उत्तर 3 × 10⁻²³ रेणू असं आलं, तर लगेच चूक म्हणू नका. ‘पोत्यात एका दाण्याहूनही कमी तांदूळ आहे का रे?’ एवढंच विचारा. गुणायच्या जागी भागलंय, हे त्याचं तोच शोधेल.