जुन्या फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपमधील तेलबदल

फोर-व्हील ड्राइव्ह पिकअपमधील तेलबदल म्हणजे इंजिनापासून चारही चाकांपर्यंत शक्ती पोहोचवणाऱ्या भागांतील वंगणतेल काढून त्या जागी नवे तेल भरण्याची प्रक्रिया होय. यात गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचे हाउसिंग आणि मागचे हाउसिंग अशा चार स्वतंत्र टाक्यांचा समावेश होतो. इंजिन ऑइलचा या चौघांशी संबंध नसतो. वापरलेले वाहन विकत घेतल्यावर इंजिन ऑइल बहुधा लगेच बदलले जाते. या चार टाक्यांकडे मात्र आवाज येऊ लागेपर्यंत कोणी पाहत नाही. क्राउन-पिनियनचा आवाज सुरू झाल्यानंतर तेल बदलून झिजलेले दाते परत येत नाहीत.

पार्श्वभूमी

भारतात या प्रकारच्या वाहनांची परंपरा विलिस जीपपासून सुरू होते. महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. गरजेपुरती पुढची चाके जोडणारी ट्रान्स्फर केस आणि पुढे-मागे एकेक हाउसिंग ही जीपची मूळ मांडणी पुढे बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन आणि इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस यांच्या फोर-व्हील आवृत्त्यांतही दिसते.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे प्रवरा खोऱ्यातील बागायती, ऊस पिकवणारे गाव आहे. अशा कालव्याखालच्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात दोन चाकांवर चालणारी गाडी सहज रुतते, म्हणून फोर-व्हील वाहनाचा उपयोग होतो. मात्र चिखल, पाट ओलांडताना लागणारे पाणी, जड भार आणि कमी वेग यांमुळे तेल लवकर खराब होते. उत्पादकांच्या नियमपुस्तिकांत अशा वापराला ‘कठीण वापर’ मानून तेलबदलाची मुदत कमी दिलेली असते.

पाणी आत कसे शिरते

प्रत्येक हाउसिंगवर हवा ये-जा करण्यासाठी ब्रीदर नावाची लहान तोटी असते. गाडी डांबरी रस्त्याने बराच वेळ धावल्यावर हाउसिंग तापते व आतील हवा प्रसरण पावून बाहेर जाते. त्यानंतर गाडी लगेच ओढ्यात किंवा पाटात उतरली की हाउसिंग एकाएकी थंड होते, आतील हवा आकसते आणि दाब कमी होतो. ब्रीदर चिखलाने बंद असेल तर ही पोकळी भरण्यासाठी पाणी ऑइल सीलच्या कडेने आत ओढले जाते. ब्रीदर उघडा पण पाण्याखाली असेल तर पाणी थेट त्यातूनच शिरते. म्हणून तेल बदलताना ब्रीदर साफ करणे आणि शक्य असल्यास त्याची नळी उंचावर नेणे हे तेलाइतकेच महत्त्वाचे ठरते.

पुढच्या हाउसिंगची अडचण निराळी आहे. हब सुटे असताना पुढचे गिअर फिरत नाहीत, त्यामुळे तेल तळाशी बसून राहते आणि वरच्या भागांवरील तेलाचा थर ओघळून जातो. आत साचलेल्या दमटपणामुळे तेथे गंज धरू शकतो. ‘फोर-व्हील कधी लावलेच नाही’ ही विक्रेत्याची ग्वाही म्हणूनच फारशी आश्वासक नसते.

तेलाची निवड

गिअर ऑइलच्या डब्यावर दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. ८०डब्ल्यू-९० यांसारखा आकडा घट्टपणा दाखवतो. जीएल-४ किंवा जीएल-५ ही श्रेणी दातांवरील दाब सहन करण्याची क्षमता दाखवते. दोन्ही डब्यांवर घट्टपणाचा आकडा एकच असला तरी श्रेणी वेगळी असू शकते, आणि बहुतेक चुका येथेच होतात.

हाउसिंगमधील क्राउन आणि पिनियन हे हायपॉइड प्रकारचे असतात. त्यांचे दाते एकमेकांवर केवळ फिरत नाहीत, घसरतातही. या घर्षणात तेलाचा साधा थर टिकत नाही, म्हणून गंधक-फॉस्फरसयुक्त रसायने भरपूर असलेले जीएल-५ तेल लागते. मानवी गिअरबॉक्सची गरज याच्या उलट असते. त्यातील सिंक्रोनायझरच्या कड्या अनेकदा पितळ वा कांस्याच्या असतात. गंधकयुक्त रसायनांमुळे काही तेलांत त्या खराब होऊ शकतात. शिवाय कडीला पकड घेण्यासाठी थोडे घर्षण आवश्यक असते. त्यामुळे अनेक गिअरबॉक्सना जीएल-४ सांगितलेले असते. ‘भारी तेल सगळीकडे चालते’ हा समज गिअर अडकण्याचे कारण ठरू शकतो.

ट्रान्स्फर केसबाबत अंदाज बांधू नये. साखळीवर चालणाऱ्या अनेक प्रकारांत स्वयंचलित गिअरबॉक्सचे पातळ तेल, म्हणजे एटीएफ, वापरतात. दात्यांवर चालणाऱ्यांत बहुधा गिअर ऑइल असते. अंतिम आधार त्या वाहनाची नियमपुस्तिकाच. लिमिटेड-स्लिप डिफरन्शियल असल्यास विशेष मिश्रण असलेले तेल लागते.

कृती

गाडी काही किलोमीटर चालवून तेल कोमट करतात, म्हणजे तळाचा गाळ तेलाबरोबर निघतो. गाडी सपाट जागेवर असावी; फक्त पुढची किंवा मागची बाजू जॅकवर उचलल्यास पातळी चुकीची दिसते. गाडीखाली शिरायचे असल्यास केवळ जॅकवर विसंबून न राहता भक्कम स्टँड लावणे अनिवार्य आहे.

प्रथम वरचा, भरण्याचा नट उघडावा आणि नंतरच खालचा ड्रेन नट सोडावा. वर्षानुवर्षे न उघडलेला वरचा नट गंजलेला असतो. आधी तेल काढून टाकले आणि वरचा नट फिरलाच नाही, तर गाडी कोरड्या हाउसिंगसह जागीच अडकते.

तेल पूर्ण निथळल्यावर ड्रेन नट पुसून, नवा वॉशर घालून बसवतात. नवे तेल हातपंपाने किंवा नळी लावलेल्या नरसाळ्याने भरावे. भरण्याच्या छिद्राच्या खालच्या कडेवरून तेल ओघळू लागले की पातळी पूर्ण झाली. जास्त भरल्यास फेस होतो आणि तेल सीलमधून चाकाच्या ब्रेकपर्यंत पोहोचू शकते. डिझेलने हाउसिंग धुण्याची पद्धत गॅरेजमध्ये आढळते. आत उरलेले डिझेल नव्या तेलाला पातळ करते, म्हणून ती टाळलेली बरी. त्याच वेळी प्रोपेलर शाफ्टच्या जॉइंटना ग्रीस द्यावे.

काढलेल्या तेलाची तपासणी

जुन्या गाडीचा इतिहास काढलेल्या तेलात वाचता येतो. नटावर चुंबक असल्यास त्यावरील बारीक राखाडी लेप ही नेहमीची झीज असते. नखाला टोचणारे पोलादी तुकडे म्हणजे दाता किंवा बेअरिंग तुटल्याची खूण. गिअरबॉक्सच्या तेलातील सोनेरी चमक सिंक्रोनायझर झिजल्याचे सुचवते. दुधाच्या चहासारखा रंग म्हणजे पाणी मिसळले आहे. अशा वेळी नवे तेल भरून थोडे अंतर चालवून ते पुन्हा बदलावे, आणि त्याआधी सील व ब्रीदर दुरुस्त करावेत. दुसऱ्यांदा काढलेले तेलही दुधाळ असेल, तर पाणी अजून शिरते आहे किंवा आधीचे पूर्ण निघालेले नाही.

वापरलेल्या तेलाची विल्हेवाट

वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ग्रामीण भागात ते वाळवी लागू नये म्हणून लाकडाला लावतात किंवा धूळ बसावी म्हणून अंगणात टाकतात. विहिरी आणि पाट असलेल्या परिसरात हे तेल जमिनीत मुरून पाण्यापर्यंत जाऊ शकते. ते झाकणबंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे किंवा त्याच्यासाठी तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे; दुधाळ तेल इतर तेलात न मिसळता वेगळे ठेवावे.